पेटी, हळद आणि मी

मला कावीळ झाली तेव्हा समोर चाळीस नर्सबाया आणि गावोगावच्या आशाताई बसल्या होत्या. आजार साधारण दहा मिनिटं टिकला.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी नवी पेटी दाखवायला गेलो होतो. रक्ताच्या एका थेंबावरून अंगात कावीळ किती आहे, ते ही पेटी दोन मिनिटांत सांगते. जेवणाच्या सुट्टीनंतर माझं प्रात्यक्षिक होतं. बोट पुढे करायला कोणी तयार होईना. मग मीच मोठ्या ऐटीत स्वतःच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, पट्टी पेटीत सरकवली आणि सगळ्यांना आकडा दिसावा म्हणून पेटी उंच धरली. स्वतः न बघताच म्हणालो, "हा बघा निरोगी माणसाचा आकडा."

पुढच्या रांगेतल्या बायांनी तो मोठ्याने वाचला. चौदा. निरोगी माणसाचा एकाच्या आसपास असतो, हे अर्ध्या तासापूर्वी मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.

तिथले डॉक्टर उठून आले आणि माझी पापणी खाली ओढून बघू लागले. भेटायला कोण कोण येईल, कोण संत्री आणेल, इथपर्यंत मनात जाऊन आलो. तेवढ्यात मागून एक वयस्कर आशाताई म्हणाल्या, "भाऊ, तुमची बोटं तं पाहा."

पाहिली. जेवणात झुणका-भाकर होती आणि झुणक्यातली हळद त्या भागातली होती, म्हणजे हात लावला की आठवडाभर सोबत राहणारी. मी हात धुतले होते ते नुसत्या पाण्याने. बोटं मांडवातल्या नवरदेवासारखी पिवळी होती. साबणाने खसाखसा धुऊन पुन्हा थेंब घेतला. पेटी म्हणाली, शून्य पूर्णांक सात. सभागृहात जो हशा झाला तो अजून माझ्या कानात आहे. खरं सांगायचं तर त्या हशाने माझं पुष्कळ नुकसान केलं, पण ते पुढे येईल.

हे नेमकं काय काम, असं वाचकांना वाटत असेल. माझ्या सासरच्या मंडळींनाही अजून नीट समजलेलं नाही. ते मला 'मशीनवाले जावई' म्हणतात, आणि त्यांचा मिक्सर बिघडला की आधी मलाच फोन येतो.

वीस-बावीस वर्षं मी वर्ध्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होतो. मग ज्या कंपनीने या पेट्या काढल्या, तिला खेड्यापाड्यांत फिरणारा माणूस हवा होता. पेट्या आरोग्य उपकेंद्रांत नेऊन द्यायच्या, सिस्टरांना शिकवायचं, महिन्याकाठी जाऊन पेटी खरं बोलते की नाही ते तपासायचं. पोरं शिकून पुण्याला गेली होती. लॅबच्या बंद खोलीचा कंटाळा आला होता. मी गेलो.

पेटी दिसायला शाळेच्या डब्याएवढी. आत काय चालतं ते मी असं सांगतो. काचेच्या ग्लासात कोरा चहा घ्या आणि खिडकीसमोर धरा. चहा फिका असेल तर खिडकीचे गज दिसतात, दाट असेल तर दिसत नाहीत. पेटी हेच करते. पट्टीवरचा कागद गाळणीसारखा असतो. तो रक्तातला लाल भाग अडवून धरतो, खाली पिवळसर पाणी उतरतं. कावीळ जितकी जास्त, तितकं पाणी पिवळं. पेटी त्यावर निळा उजेड सोडते. पिवळा रंग निळा उजेड गिळतो. पलीकडे किती उजेड पोचला ते मोजून पेटी आकडा देते. उजेड किती गिळला गेला, एवढंच तिला कळतं. तो कोणी गिळला, ते तिला कळत नाही. कावीळ असो की झुणका.

नवजात बाळांसाठी ही पेटी फार कामाची. थोडी कावीळ बहुतेक बाळांना होते आणि आपोआप उतरते. पण एखाद्याची चढत जाते, आणि फार चढली की मेंदूला आणि कानाला धक्का बसतो. वेळेत नेलं तर निळ्या दिव्याखाली ठेवून उतरवता येते. नुसत्या डोळ्यांनी कळणं कठीण, त्यात आपली लेकरं सावळी. म्हणून टाचेतून एक थेंब. पेटीच्या झाकणात आतून एक कार्ड चिकटवलेलं असतं. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पंधराच्या वर आकडा आला तर वाट पाहू नका, दवाखान्यात पाठवा. ते वाक्य मराठीत मीच लिहून दिलं होतं. कंपनीने मराठीत केलेलं वाक्य वाचून सिस्टरांनी बाळाऐवजी पेटीच दवाखान्यात पाठवली असती.

कामात माणसं खूप भेटतात आणि सोबत कोणी नसतं. सकाळी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घरून मोटारसायकल काढायची. आर्वी, कारंजा, सेलू, समुद्रपूर, जिकडे असेल तिकडे. उपकेंद्राच्या ओट्यावर बसून सिस्टरची वाट बघायची, कारण ती लसीकरणाला गेलेली असते. डबा एकट्याने खायचा. पेटीच्या काचेवरची धूळ मऊ फडक्याने पुसताना मी तिच्याशी बोलायला लागलो आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. "काय बाई, दमलीस का?" असं. एकदा एका सिस्टरने ते ऐकलं आणि मला आत बसवून पाणी दिलं.

घरी मी गोष्टी सांगणारा माणूस. लग्नात, बारशात, तेराव्याच्या जेवणाला सुद्धा, चार पोरं माझ्याभोवती असायचीच. पोरं मोठी झाली, पांगली. आता घरी गोष्ट ऐकायला दोनच माणसं, त्यातलं एक मी. दुसरी माझी बायको कुंदा. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिच्यासमोर गोष्टीतले आकडे वाढवता येत नाहीत. तिसऱ्यांदा सांगताना गोष्टीतला साप दोन हातांनी वाढला की ती ताट उचलता उचलता म्हणते, "मागच्या वेळी पाच फुटाचा होता."

म्हणून माझ्या काविळीची गोष्ट मला फार आवडायला लागली. ती ऐकायला दर महिन्याला नव्या चाळीस बाया असायच्या. प्रत्येक शिबिराची सुरुवात मी तिनेच करायचो. हशा व्हायचा, बाया सैल बसायच्या, आणि शेवटी मी झोकात सांगायचो, "म्हणून आकडा मोठा आला की आधी हळद पाहा." मला वाटायचं मी शिकवतोय.

आणि हळद तिकडे खरंच सगळीकडे. एका सिस्टरने दसऱ्याला पेटीची पूजा केली आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं उजेडाच्या काचेवर टेकवलं. महिनाभर त्या उपकेंद्रात सगळं गाव काविळीचं निघत होतं. एक शेतकरी पुडीत हळद घेऊन माझ्या मागे लागला, "साहेब, हे टाकून पाहा ना, माही हळद किती पिवळी हाय ते तं सांगल तुमची मशीन." त्याला समजावता समजावता मला वाटलं, याचं चुकतंय काय? पेटीला विचारलं असतं तर तिने सांगितलंच असतं.

त्या भागात बाळाला न्हाऊ घालण्याआधी तेल-हळद चोळतात. टाचेसकट. पहिल्या वर्षी एका गावात मी पोचलो तर अंगणात जीप उभी, बाळंतीण रडते आहे, बाळाचा आकडा बावीस आलेला. मी टाच बघितली. पिवळी. कोमट पाणी आणि साबण मागितला, टाच तीनदा धुतली, कोरडी केली, पहिला थेंब पुसून टाकला, दुसरा घेतला. सात. जीप परत गेली. बाळाच्या आजीने मला शेरभर हळद दिली. घरी येऊन मी कुंदाला ही गोष्ट सांगितली आणि त्यात एकही आकडा वाढवला नाही, कारण गरजच नव्हती. बाविसाचे सात. त्या दिवसापासून माझ्या बॅगेत साबणाची वडी असते, प्लास्टिकच्या डबीत. लोक ओळखपत्र दाखवतात तसा मी साबण दाखवायचो.

आता जी सांगायची ती गोष्ट. ही मी कुठल्याच शिबिरात सांगितली नव्हती.

हळद शिजवायचे दिवस होते. मी त्या दिवशी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कारंज्याकडे होतो. दुपारी तीन-साडेतीनला चहा पीत असताना वनिता सिस्टरचा फोन आला. वनिता सिस्टर म्हणजे समुद्रपूरकडच्या एका उपकेंद्राच्या. दहा-बारा वर्षं नोकरी झालेली, हाताला यश असलेली बाई. माझ्या शिबिरात पुढच्या रांगेत बसून सगळ्यात जास्त त्याच हसल्या होत्या.

पाच दिवसांचं बाळ, मुलगी. आई माहेरी बाळंतपणाला आलेली. आकडा एकोणीस आला होता.

मी विचारलं, टाचेला हळद आहे का? आहे म्हणाल्या, आजीने सकाळीच चोळली. मी म्हणालो, साबणाने धुवा आणि पुन्हा करा. मी दुसरा चहा सांगितला. दहा मिनिटांनी फोन.

"सर, धुतली. आता अठरा दाखवते."

"नीट नाही धुतली. ही हळद अशी नाही जात."

"दोनदा धुतली सर. पाठवू का सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात? घरचे म्हणून राह्यले, आज हळदीची कढई चढवली हाय, गडीमाणसं लागलेली हायत, उद्या नेलं तं चालते का."

इथे थांबून सांगतो की पाठवायचं की नाही हे ठरवणं माझं काम नव्हे. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. पेटीच्या झाकणात कार्ड होतं आणि त्यावरचं वाक्य माझं होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की कार्ड वाचा. पण मागच्या वर्षीची ती जीप माझ्या डोळ्यांसमोर आली, ती शेरभर हळद आली, आणि मी हसलो. फोनवर हसलेलं पलीकडे ऐकू जातं.

"सिस्टर, माझी कावीळ विसरल्या का? राहू द्या आज. उद्या सकाळी मीच येतो साबण घेऊन."

त्याही हसल्या. "या सर," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. जाम चौरस्त्यावर पोहे खाल्ले, आणि पेटीला त्रास नको म्हणून चमच्याने खाल्ले, हेही आठवतं. नऊच्या सुमाराला त्या घरी पोचलो. अंगणात मोठी कढई होती, खाली विस्तव नव्हता. उकडलेल्या हळदीचा वास नाकात बसत होता. गडीमाणसं नव्हती. घरात फक्त बाळाची आजी होती, सुभद्राबाई. ओट्यावर बसली होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते.

माझ्या हातात साबणाची डबी.

तिने सांगितलं की पहाटे पोरगी दूध ओढेना, हलवली तरी जागी होईना. वनिता सिस्टर उजाडायच्या आतच आपणहून आल्या होत्या. पुन्हा थेंब घेतला, आणि या वेळी मला फोन न करता सरळ अँब्युलन्स बोलावली. आकडा तेवीस होता, हे मला नंतर कळलं.

"ते तं गेले जी सावंगीले," सुभद्राबाई म्हणाली. मग माझ्याकडे वर बघून म्हणाली, "हळदीनं झालं का हो हे? सिस्टर काल हळदीचं म्हणत होती. मीच लावली होती."

मी म्हणालो, "नाही आजी. हळदीनं काही होत नाही."

एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य तोंडात होतं, ते तसंच घेऊन मोटारसायकलवर बसलो. थांबा म्हणणारा मी होतो, हे वाक्य. चारच शब्द. मी उपकेंद्रात जाऊन पेटी तपासली. पेटीत तपासण्यासारखं काही नव्हतं. ती आदल्या दिवशीही बरोबर होती.

सावंगीला बाळाला दिव्याखाली ठेवलं आणि तेवढ्याने भागेना म्हणून अंगातलं रक्त थोडं थोडं करून बदललं. आईच्या आणि बाळाच्या रक्ताचा गट जुळत नव्हता, त्यामुळे कावीळ झपाट्याने चढली होती. पोरगी वाचली. आठवड्याने दूध ओढायला लागली. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं की बाकी ठीक दिसतं आहे, पण कान सांगता येत नाहीत. तीन महिन्यांनी तपासू.

सावंगी आमच्या घरापासून जवळ. मी रोज संध्याकाळी कामावरून परत येताना तिथे जायचो. कुंदाला सांगायचो, एका पेटीचं काम आहे. आत जायचा मला काही हक्क नव्हता. काचेच्या दाराबाहेर बाकावर बसायचो. दारातून निळा उजेड दिसायचा. माझ्या पेटीत आहे तसलाच, फक्त खोलीभर. इतके दिवस तो उजेड मी डबीत घालून गावोगाव फिरवला, त्याच्यावर विनोद केले.

वनिता सिस्टर एकदा तिथेच भेटल्या. माझी नजर चुकवायची म्हणून त्या पाण्याच्या नळाकडे गेल्या आणि त्यांची चुकवायची म्हणून मीही तिकडेच गेलो. शेवटी त्याच बोलल्या. "सर, तुम्ही म्हटलं म्हणून थांबली मी. पण रात्रभर मले झोप नाई लागली, म्हणून सकाळी गेलती." दोष देण्याचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तीन महिने. पोरगी घरी गेली, मी कामावर जात राहिलो. शिबिरं झाली. मी उभा राहून पेटीची माहिती द्यायचो, साबणाचं सांगायचो, कार्ड दोनदा वाचून दाखवायचो आणि बसायचो. कोणी हसायचं नाही. एका जुन्या सिस्टरने विचारलं, "सर, ती तुमच्या काविळीची गोष्ट नाही सांगितली?" वेळ नाही म्हणालो. घरी जेवताना मी गप्प. कुंदा एकदा-दोनदा म्हणाली की आज साप नाही भेटला का. मग तीही गप्प. दोन माणसांच्या घरात एकाने बोलणं बंद केलं की पंख्याचा आवाज फार मोठा होतो.

महिन्याच्या फेरीला त्या गावात गेलो की मी सुभद्राबाईच्या ओट्यापर्यंत जायचो. पोरगी आजोळीच होती. मी ओट्यावर बसायचो, पोरीच्या मागे हळूच चुटकी वाजवून बघायचो. ती कधी वळायची, कधी नाही. एवढंसं लेकरू कशालाही वळतं. सुभद्राबाई माझ्याकडे बघत असायची. एकदा तिने मला जेवायला वाढलं. वरण पांढरं होतं, भाजी पांढुरकी. मला वाटलं, पथ्याचं असेल.

कानाच्या तपासणीच्या दिवशी मी रजा टाकली. कुंदाला तेही सांगितलं नाही, नेहमीसारखा डबा घेऊन निघालो. सावंगीच्या बाकावर सुभद्राबाई एकटी बसली होती. पोरीला आत झोपवून डोक्याला तारा लावल्या होत्या, आई आत होती. वास्तविक मी आलो हे बघून तिला नवल वाटायला हवं होतं. तिने फक्त पिशवी उचलून मला जागा करून दिली.

आम्ही तासभर बसलो असू. मग मी सांगितलं. आत काय निघतं ते कळायच्या आधी सांगायचं, एवढं ठरवून आलो होतो. निकाल चांगला लागल्यावर सांगितलं असतं तर ते सांगणं झालं नसतं.

"आजी, त्या दिवशी सिस्टर पोरीला पाठवत होत्या. मी थांबवलं. हळद आहे म्हणून मीच म्हणालो."

तिने स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघितले. ते आता नुसते हात होते, पिवळे नव्हते.

"तीन महिने झाले भाऊ, मी भाजीत हळद नाई टाकली," ती म्हणाली. "घरी पोत्यानं भरून हाय. पोरीच्या अंगाले त्या दिवसापासून हात नाई लावला मी. वाटे, माह्या हाताचंच काही हाय. त्या दिवशी ओट्यावर आलते तुम्ही, तवाच काऊन नाई सांगितलं?"

ती उठून दुसऱ्या बाकावर गेली नाही, एवढंच मी आजवर धरून आहे.

थोड्या वेळाने तारा काढून पोरीला बाहेर आणलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डावा कान चांगला आहे. उजव्याला थोडं कमी येतं आहे. सहा महिन्यांनी परत बघू, बोलायला अडचण येऊ नये. 'येऊ नये' आणि 'येणार नाही' यात केवढं अंतर असतं, ते मला त्या दिवशी कळलं. आईने पोरगी, समोर स्वतःची आई नसून सासू असावी तशी, सांभाळून सुभद्राबाईकडे दिली. सुभद्राबाईने तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला घेतलं असावं, कारण आई बघतच राहिली. आजीने डाव्या हाताच्या बांगड्या पोरीच्या डाव्या कानाशी वाजवल्या. पोरगी वळली. मग उजव्या कानाशी. पोरगी तिच्या तोंडाकडे बघून हसली. ऐकून हसली की बघून, ते मला कळलं नाही.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. कुंदा शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. मी डबा ओट्यावर ठेवला. भरलेला होता, तिने उचलल्यावर तिला कळलंच. तिने लाल पेन टोपणात घातला आणि समोरची खुर्ची पायाने मागे सरकवली.

मी सगळं सांगितलं. चाळीस बायांच्या हशापासून आजच्या बांगड्यांपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगताना मला पुढे काय येतं याची भीती वाटत होती. कारंज्याच्या चहापर्यंत आलो, फोनवर हसलो ते सांगितलं. म्हणालो, मला वाटलं मागच्या वर्षीसारखंच असेल, बाविसाचे सात होतील.

कुंदाने मध्ये हात वर केला. वर्गात पोराला थांबवते तसा.

"धुवायच्या आधी किती होते?"

"एकोणीस."

"अन् धुतल्यावर?"

"अठरा."

तिने समोरच्या वहीचं मागचं पान उलटलं, पेनचं टोपण काढलं, पण काही लिहिलं नाही.

"म्हणजे हळद एकाचीच होती," ती म्हणाली. "बाकीचे अठरा कोणाचे होते?"

तीन महिने मी साबणाचा विचार केला होता, हळदीचा केला होता, फोनवरच्या हशाचा केला होता. ही वजाबाकी मी केली नव्हती. पहिलीतल्या पोराला येते तेवढीच ती होती. बाविसातून पंधरा गेले तेव्हा मी गावभर सांगत सुटलो, आणि एकोणिसातून एकच गेला तेव्हा दुसरा चहा पीत होतो.

तिने वही मिटली. माझा भरलेला डबा उघडला, त्यातलं वरण पातेल्यात ओतून गरम करायला ठेवलं, आणि माझ्याकडे पाठ करून, हळू आवाजात, जणू वरणालाच सांगत असल्यासारखी म्हणाली,

"त्या दिवशी मले एक फोन केला असता तं वजाबाकी मी करून देली असती."